सिद्रामचा फोटो काढताना

आबांना दगा देणारा माणूस त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर पडदा धरून उभा होता.

आज आबांची पुण्यतिथी. आबा म्हणजे माझे आजोबा. निजामाच्या काळात उस्मानाबादेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नामदेव त्यांचा पार्टनर. दोघं एका ताटात जेवायचे.

तिसरा दोस्त सिद्राम, तेर गावचा. निजामाविरुद्ध काम करणाऱ्यांचे निरोप सरहद्दीपलीकडं पोचवायचा.

एक दिवस ठाण्यातून बोलावणं आलं. कैद्याचा फोटो हवाय.

आबा कॅमेरा घेऊन गेले, नामदेव फोटोसाठी मागं धरायचा पडदा घेऊन.

कैदी म्हणजे सिद्राम. येडशी स्टेशनवर धरलेला. एक डोळा सुजून बंद.

ठाण्याच्या अमीनसाहेबानं, म्हणजे फौजदारानं, आबांना विचारलं, "पैचानते क्या इसको?"

"नई, साब."

सिद्रामनं ते ऐकलं.

आबांनी पाणी मागवलं. सिद्रामचं तोंड पुसलं. सदऱ्याची बटणं लावली, कुठल्याही गिऱ्हाइकाची लावायचे तशीच.

तेवढ्यात तो पुटपुटला, "म्या येडशीला उतरणार, हे तुमा दोघांनाच ठाव होतं."

आबांनी मान वर केली.

सिद्रामच्या मागं नामदेव. पडदा धरून, जमिनीकडं बघत.

"म्या न्हाय रं," आबांना सिद्रामला एवढंच म्हणायचं होतं. पण अमीनसाहेब हाताच्या अंतरावर. बोलले असते तर ओळख उघडी पडली असती, आणि आबाही आत.

ते कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरले.

"मान सरळ. हलू नका."

जन्मभर ज्याला अरेतुरे केलं, त्याला अहो.

फोटो स्वच्छ आला.

परतताना नामदेवनं विचारलं, चहा घ्यायचा का?

"उद्यापास्नं येऊ नगंस," आबा म्हणाले.

त्यानं का म्हणून विचारलं नाही.

सिद्राम तुरुंगातच वारला.

निजाम गेला आणि नामदेव स्टुडिओत हजर. पांढरीशुभ्र टोपी, गळ्यात हार. पुढारी झाला होता. फोटो हवा होता.

आबांनी त्याची टोपी नीट केली. फोटो काढला. तोही छान आला.

मी वेडिंग शूट करते. एकदा क्लायंटशी भांडून घरी आले, तेव्हा आबांनी मला हे सगळं सांगितलं. कॅमेरा हातात असताना डोकं थंड ठेवायचं, एवढंच शिकवायचं होतं त्यांना.

मीच भडकले. "हाकललं का नाही त्याला?"

"गिऱ्हाईक व्हतं."

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

आबांनी चष्मा काढला.

"टोपी नीट करताना हात त्याच्या गळ्यापाशी गेला व्हता माजा. लई वाटलं, बाई. पर त्यानं धरून दिलं, ते एक डाव सोसलं म्या. सिद्राम मला दगाबाज समजून गेला का काय, ते न्हाय सोसवत."

एवढं म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

आबा, तुमच्या नातीचा नमस्कार.