खांबावरच्या डबीचा जीव

बायको गेल्यापासून मी घरात एका जागी टिकत नाही. उठतो, दारात जातो, परत येतो, रेडिओ लावतो. रेडिओत नुसती खरखर.

ती आदिलाबादकडची. लग्नानंतर इथं मुकुटबनात कायम मराठी बोलली, पण सकाळी भाकरी थापायला बसली की तिला तिकडचं तेलुगू स्टेशन पाहिजे. आवाज दुरून यायचा, म्हणून छतावर लोखंडी खांब, खांबावर अँटेना आणि तिच्याखाली आवाज वाढवणारी डबी, बूस्टर. तेरवीच्या आधी घर रंगवलं, तेव्हापासून स्टेशन गेलं ते गेलंच.

पोरगा म्हणाला, "बाबा, ते मेलं आता. खांब काढून टाकतो. वर खोली काढाची हाय."

"मेलं का नाही ते मी पाहून येतो. तोवर हात लावशील त तंगडं मोडीन."

बूस्टर पिशवीत घातला आणि एस्टीनं यवतमाळ गाठलं. माझी पुतणी तिथं इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवते. तिनं डबी दोन वायरींनी एका मशीनला जोडली. व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर. हे नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही. मशीनच्या एका तोंडातून सिग्नल डबीत जातो, दुसऱ्या तोंडाने परत येतो, आणि वाटेत वाढला का घटला ते पडद्यावरची रेघ सांगते. रेघ पार तळाला पडलेली.

"मेलं ना!" मी उठलोच.

"बसा ना मोठेबाबा! उपाशी बैलाले वखराले जुपून पाह्यता का? आधी व्होल्टेज त देऊ द्या."

तिनं मशीनच्या मागून पॉवर सप्लाय लावला. ज्या वायरीतून सिग्नल खाली उतरतो, त्याच वायरीतून व्होल्टेज वर चढवायचं, त्याला बायस म्हणतात. ती ते हळूहळू वाढवत होती आणि नजर करंटच्या आकड्यावर. "जास्त ओढलं त जळालं समजा," म्हणाली.

मी खिडकीपाशी गेलो, परत आलो, टेबलाला टेकलो.

"तुमी टेबल हालवता आन वायर हालते! मंग रीडिंगही हालते. चूप बसा बरं."

बसलो. हात मांडीखाली दाबून बसलो. तेवढ्यात रेघ उठली आणि पडद्याच्या वरच्या भागात जाऊन थांबली.

"जित्ती हाय," ती म्हणाली. "घरी रेडिओजवळ काळी डबी होती का, बोर्डात लावलेली? तिच्यातूनच या बूस्टरले व्होल्टेज जात होतं."

होती. रंग देताना पोरानं ती अडचण म्हणून काढली आणि वायर सरळ रेडिओला जोडून दिली.

घरी आलो. काळी डबी रंगाच्या रिकाम्या डब्यात सापडली. बूस्टर खांबावर चढवला, काळी डबी बोर्डात लावून वायर तिच्यातून घेतली. सकाळी रेडिओत बाई बोलली, तेलुगूत, एकदम साफ. भाकरी थापता थापता बायको मला त्याचं मराठी करून सांगायची. मला त्यातलं अक्षर कळत नाही.

पोरगा दारात उभा. "समजते काय तुमाले?"

"नाही समजत. खांब राहू दे."

म्हटलं आणि अंगणात गेलो. तिथंही करमेना. परत आत आलो आणि आवाज वाढवला.