मुक्ताआत्याचं रेकॉर्डिंग

राजकुमार दाभाडेचे कान वाळूजच्या त्याच्या कंपनीत प्रसिद्ध आहेत. तयार झालेला गिअरबॉक्स त्याच्या काचेच्या केबिनमध्ये येतो, दोन मिनिटं फिरतो आणि राजकुमार डोळे मिटून ऐकतो. इतरांना नुसती घरघर ऐकू येते. राजकुमारला तिसऱ्या गिअरचा एक दात कुरकुरतोय हे कळतं. मग तो त्या गिअरबॉक्सवर लाल चिठ्ठी चिकटवतो आणि पुढचा मागवतो.

अशा माणसाने घरी येऊन शांत बसावं की नाही? पण पंचवीस वर्षांपूर्वी कंपनीत मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरने जाताना त्याच्या हातात एक कॅसेट ठेवली. त्यात मशीनची माहिती असेल, असं समजून राजकुमारने ती तीन वेळा वही-पेन घेऊन ऐकली. मशीनबद्दल काही कळलं नाही, पण माणूस कामातून गेला. कॅसेटमध्ये जॅझ होतं.

आज बजाजनगरातल्या त्याच्या घरात दोन खोल्या आहेत. एक जॅझची आणि दुसरी, त्याची बायको सुलेखा सांगते त्याप्रमाणे, जॅझच्या खोलीत जायचा रस्ता. आत दोनशेवर तबकड्या, सुताराच्या मानगुटीवर बसून करून घेतलेले कपाटाएवढे स्पीकर आणि स्वतः जोडलेला, जुन्या रेडिओंसारख्या काचेच्या वाल्व्हचा अँप्लिफायर. हा अँप्लिफायर इतका तापतो, की सुलेखाने एकदा त्याच्या डोक्यावर दही विरजायला ठेवलं. दही झकास लागलं. राजकुमारने त्याला बोट लावलं नाही.

शिवाय एक पोकळ पोटाची गिटार आहे. ती तो रोज अर्धा तास दार लावून वाजवतो. आजवर एकाही जिवंत माणसाने त्याला समोर बसून ऐकलेलं नाही.

पाहुण्यांना मात्र त्याची लाडकी तबकडी ऐकावीच लागते. साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा क्लबात, भर गर्दीत केलेलं ते रेकॉर्डिंग. पाहुणा चहाचा घोट घेणार, तोच राजकुमार हात वर करतो. "थांबा! आत्ता... ऐकलं? मागं ग्लास किणकिणला! अन् ती बाई हसली बघा!" पाहुणे बिचारे न दिसलेल्या ग्लासाचं कौतुक करून घरी जातात.

यंदाच्या मे महिन्यात फुलंब्रीजवळच्या गावाहून त्याची मुक्ताआत्या आली. वय बहात्तर. चाळीस वर्षं गावच्या गायन पार्टीची पुढारी. भीमगीतं स्वतः रचायची, स्वतःच गायची आणि एकही कधी कागदावर उतरवलेलं नाही. सगळं डोक्यात. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन सोमवारी होतं, रविवारी चार वाजता दवाखान्यात भरती व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, गाठ साधी आहे, पण आवाज बदलू शकतो. क्वचित जातोही.

"तुझं एवढं सामान कधी कामाला येणार?" सुलेखा शुक्रवारी म्हणाली. "आत्याबाईंचा आवाज धरून ठेव."

राजकुमार भारावला. एवढं मोठं काम त्याच्या सामानाला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारचा दिवस माइक कुठे ठेवायचा यात गेला. शनिवारी त्याला हेडफोनमध्ये बारीक गुणगुण ऐकू आली. फ्रीज बंद केला. दूध नासलं. गुणगुण चालूच. पंखा बंद केला. मग घरातल्या सगळ्या गोधड्या काढून चारी भिंतींवर खिळ्यांनी ठोकल्या.

"राजा, भिंतींना थंडी वाजती व्हय रे?" आत्याने पदराने वारा घेत विचारलं.

"आवाज घुमू नये म्हणून, आत्या."

"मी तरी घुमते की हितं! कोंबडी उबवायला बसवल्यावानी."

रविवारी सकाळी गुणगुण थांबली. दार लागलं, आत्या माइकसमोर बसली, राजकुमारने बोटाने खूण केली. आत्याने पहिली ओळ उचलली. आवाज असा कडक निघाला, की रेकॉर्डिंगच्या यंत्रावरचा काटा दचकला. मग आत्या गप्प झाली.

"काय झालं?"

"फुडलं आठवंना."

पुन्हा सुरुवात. पुन्हा दुसऱ्या ओळीशी गाडी अडली. पाच वेळा, आठ वेळा. शंभर गाणी पोटात असलेली बाई चार ओळींना महाग झाली. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

"ह्या दांडक्याकडं बघून कसं गाऊ रे?" आत्या वैतागली. "हे ना हूं म्हणतं ना हां. मी एक वळ टाकली की मागच्या बाया ती झेलत्यात, घोळवत्यात, तवर मला फुडली सुचती. हितं मीच टाकायची, मीच झेलायची? मला नाय जमायचं." एवढं बोलून ती उठली आणि दार उघडून चालती झाली.

अंगणात सुलेखा आणि शेजारच्या लीलाबाई खाटेवर कुरडया घालत होत्या. आत्याही टेकली, एक सोऱ्या हातात घेतला आणि चीक दाबता दाबता तीच ओळ तोंडातून निघाली. लीलाबाईंनी ती सहज झेलली. सुलेखाने घोळवली. तोवर आत्याची दुसरी ओळ तयार. मग तिसरी. गाणं धावायलाच लागलं.

गोधड्यांच्या गुहेत राजकुमार हेडफोन लावून बसला होता. दुरून येणारा तो आवाज ऐकून तो ताडकन उठला. माइक, वायर, यंत्र, सगळं कवेत घेऊन अंगणात आला. मांडामांड केली आणि ऐकतो तर काय, लीलाबाई उलथन्याने स्टीलच्या ताटावर ठेका धरत होत्या. मागे कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. गल्लीत टँकर रिव्हर्स घेत होता.

"लीलाबाई, तेवढं ताट..."

"राजा!" आत्याने डोळे वटारले. "ताट ऱ्हाऊ दे. तू तुझी ती कानटोपी काढ अन् मागं म्हण. बायांच्या गळ्याला खालून टेका पायजे."

"मी? मग यंत्राकडं कोण बघणार?"

"त्येला काय गाता येतं? आण ते तुझं डबडं!"

आता 'डबडं' म्हणजे गिटार. राजकुमारने यंत्राकडे पाहिलं, आत्याच्या गळ्यावरच्या गाठीकडे पाहिलं आणि आत गेला. गिटार घेऊन खाटेच्या कोपऱ्यावर बसला. पहिले दोन सूर चुकले. मग लीलाबाईंच्या ताटाचा ठेका त्याला सापडला. त्याने जॅझमधले त्याचे ते लाडके तिरपे सूर हळूच खालून लावले.

आत्या मध्येच थांबली. "हे काय भलतंच लावलंस?"

"काढू का?"

"नगं. पायरीवरून पाय निसटल्यागत होतंय, पण पडत नाय माणूस. वाजव तसंच."

साडेतीनपर्यंत एकवीस गाणी झाली. कुरडया अर्ध्याच झाल्या. दवाखान्यात न्यायला आलेला रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून शेवटी स्वतःच झेलकऱ्यांत सामील झाला होता. राजकुमारने यंत्र तपासलं. सगळं आलं होतं. तीन ठिकाणी आवाज फाटला होता, टँकर स्पष्ट होता, कुकर तर फारच स्पष्ट. "ऱ्हाऊ दे सगळं," तो सुलेखाला म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी आठ दिवस तोंड उघडायला बंदी घातली. आवाज कसा राहील, ते त्यानंतरच कळणार होतं. तिसऱ्या दिवशी आत्याने गळ्याला पट्टी असतानाच खुणेने फर्मावलं, लाव.

गाणी राजकुमारने मोबाईलवर उतरवून आणली होती; वॉर्डात ऐकवायला तेवढाच जवळ होता. एरवी मोबाईलच्या स्पीकरवर गाणं ऐकणाऱ्या माणसाशी राजकुमार बोलत नाही. पण त्याने निमूटपणे तो उशाशी टेकवला. आत्याचा आवाज वॉर्डात घुमला. पहिली ओळ संपली आणि शेजारच्या खाटेवरच्या, कन्नड तालुक्यातून आलेल्या म्हातारीने ती झेलली. पलीकडच्या दोघींनी घोळवली.

आत्या उशीला टेकून बसली होती. तिने एक बोट वर धरलं होतं. बायांचं घोळवणं संपत आलं तसं तिने ते खाली आणलं आणि बरोबर त्याच क्षणी मोबाईलमधल्या आत्याने पुढली ओळ उचलली.