शहाणं बाळ

डोळा लागतो आहे, अजून लागलेला नाही. पंख्याचा आवाज लांब जातो, जवळ येतो. बकुळ गादीच्या कडेला, हात अंगाशी आवळून, सरळ पडली आहे. लग्न होऊन इतके दिवस झाले तरी तिला पसरून झोपता येत नाही. अनाथ मुलांच्या संस्थेत सतरंजीवर रांगेनं झोपणाऱ्या पोरीला जेवढी जागा मिळायची, तेवढीच ती आजही घेते.

पलीकडे तिचं बाळ. चार महिन्यांचं. बाटली घडी केलेल्या टॉवेलवर टेकवून दिली की एकटंच पितं. आधी रडायचं, बकुळ नुसती बघत बसायची. थांबेल, तिला वाटायचं. रडू आपोआप थांबतं. आणि खरंच थांबलं.

"नशीब काढलंस बाई," शेजारच्या कुंदावहिनी सकाळीच म्हणाल्या. "आमची कार्टी घर डोक्यावर घ्यायची. हे किती शहाणं!"

शहाणं. पंखा लांब जातो.

खोलीही लांब होते. भिंत मागं सरकते आणि पाळणे. लोखंडी, हिरवे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. द्वारकामावशी पदर खोचून बाटल्या टेकवत चालली आहे. संस्थेतली तान्ही पोरं तीच बघायची. ती वारली तेव्हा बकुळ दहावीत होती. आत्ता ती समोर आहे, आणि बकुळला त्याचं काही वाटत नाही.

"आलीस? धर, तिकडच्याला टेकव."

"एवढी पोरं तू एकटी, मावशी?"

"मग? भिंतीवरच्या देवीला बघ, आठ हात. पोर सांभाळायला एक नाही. मला दोन."

बकुळ टेकवायला वाकते तर पाळणा नाही, एसटी स्टँडवरचा बाक आहे. बाकाबाकांवर बाळं ओळीनं निजलेली. गाडी लागली आहे, कुणी चढत नाही. एवढ्या बाळांत एकाचाही आवाज नाही.

"मी रडायचे का गं?"

"तू? आल्या आल्या भोकाड पसरायचीस. मग शहाणी झालीस." मावशी बाकावर टेकते, बशीत चहा ओतते. "गप झालीस त्या दिवशी मी निवांत बसून चहा प्यायले."

"कुणी यायचं नाही म्हणून गप झाले."

"म्हणूनच तर." मावशी फुरका मारते. "तुझं कधी गप झालं?"

बकुळ तोंड उघडते तर तोंडात वरणभात. पंगत बसली आहे. सगळ्या पोरी खाली मान घालून भराभर गिळताहेत. बकुळही गिळते.

"उशीर झाला का, मावशी?"

"मला काय विचारतेस? मी मेलेली बाई." मावशी ताटात डाव आपटते. "एक पोर परत रडलं होतं. नवी मदतनीस आली होती, कामं टाकून त्याला खांद्यावर घेऊन हिंडायची. किती दिवस मुकंच. मग एकदा असं किंचाळलं, माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं."

"मग?"

"मग काय, तिला शिव्या घातल्या. सगळ्यांनाच सवय लागली असती."

"मला घेता येत नाही. हात कुठं लावू?"

"एक मानेखाली, एक ढुंगणाखाली. हे काय शिकवावं लागतं व्हय?" मावशीच्या डावातलं वरण ठिबकत राहतं. "लागतं. तुला कुणी घेतलंच नाही."

पंगतीच्या जागी पुन्हा पाळणे. सगळी बाळं एकाच ढिगातल्या झबल्यांत. आपलं कोणतं, ओळखू येत नाही. बकुळ हाताला येईल ते उचलते. जड. कोमट. ते तिच्या डाव्या खांद्यावर मान टाकतं.

जाग येते.

गादीवर ऊन आलं आहे. दाराला आतून कडी. बाळ ठेवलं होतं तिथंच. जागं. डोळे वर, गप्प.

बकुळचा डावा खांदा ओला आहे. गाऊनवर दुधाची गुळणी, अजून कोमट, आंबूस. ती बोट लावून वास घेते. पुसत नाही.

मग एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. ती बाळाला उचलून उजव्या, कोरड्या खांद्यावर घेते. बाळ लाकडासारखं ताठ. रडत नाही.

बकुळ चालू लागते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.