टर्नरने न बांधलेली गाठ

टर्नर स्वतःबद्दल कधी चार वाक्यं सलग बोलला नाही. त्याच्याबद्दल बोलायचं काम नेहमी दुसऱ्यांनीच केलं, आणि दुसरे काय, तोंडाला येईल ते बोलतात. आता मी बोलतोय. मला तो हक्क आहे की नाही, हे शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा.

पंपांच्या कारखान्यात तो एकतीस वर्षं लेथवर होता, म्हणून टर्नर. कापलेल्या लोखंडावरून अंगठा फिरवून तो माप सांगायचा आणि मागून मोजणाऱ्या साहेबाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मग कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि अंगठ्याची गरज संपली. कंपनीने जाताना त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्याने बाथरूममध्ये लावलं. का, असं मी विचारलं तर म्हणाला, "तिथेच वेळ जात नाही."

घरामागच्या खोलीत एक जुनं, छोटं लेथ होतं. त्यावर तो लाकडाचे मासे करायचा. समुद्रात गळाला खरं आमिष न लावता असा खोटा मासा लावून फेकायचा, ओढायचा, आणि मोठ्या माशाला फसवायचं, हा आमचा नाद. बाजारात प्लॅस्टिकचे चकचकीत मिळतात. टर्नर स्वतः घडवायचा. पोटात शिसं ओतायचं, नाकापासून शेपटीपर्यंत तार घालायची, मग कपडे भिजवायच्या लांबट टबात तो ओढून बघायचा. जरा तिरका चालला तर नाकाची कडी केसभर वाकवायची आणि पुन्हा ओढायचा. वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे आधी माशांची आंघोळ, मग माणसांची." पण टब हलवायच्या नाहीत.

मी वीज कंपनीत मीटर वाचणारा. त्याच्या कारखान्यातला मीटर वाचायला जायचो, तिथली ओळख. म्हणून मला सगळे मीटर म्हणतात. तिसरा बेकरीवाला, मनाने लोण्याचा, डोक्याने पावाचा. चौथे दातांचे डॉक्टर, बोट त्यांची. आम्ही चौघं जिवलग मित्र, असं आम्ही जगाला सांगायचो; फक्त डॉक्टरांना आम्ही तिघं अहो म्हणायचो आणि ते आम्हाला अरे म्हणायचे. वीस वर्षांत हे कोणालाही खटकलं नाही. ज्याची बोट त्याला अहो.

आधी पाचवेही एक होते, रिटायर झालेले हेडमास्तर. त्यांची नजर अधू झाली होती आणि ते कबूल करत नव्हते. मागच्या वर्षी त्यांनी रॉड मागे नेला आणि गळ बेकरीवाल्याच्या कानाच्या पाळीत घुसला. डॉक्टरांनी तो पकडीने कापून काढला, आणि त्याच दिवशी नियम केला: ज्याला नीट दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो, ज्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही, त्याने किनाऱ्यावर बसायचं. हेडमास्तर त्यानंतर दिसले नाहीत. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. टर्नरनेही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बोट निघायची. तो एक दिवस सोडला तर टर्नरकडे दुसरं काही नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली, कारखाना सुटला, सिनेमा, पत्ते, राजकारण, कशातही मन नाही. उरलेले एकोणतीस दिवस तो त्या एका दिवसाची तयारी करायचा. आणि आमच्यातला सगळ्यात चांगला गळवाला तोच, हे सांगायलाच हवं. तो फेकायचा तेव्हा लाकडी मासा नेमका जिथे पडायला हवा तिथे पडायचा. मी दुसऱ्या नंबरवर होतो. वीस वर्षं दुसऱ्या नंबरवर.

त्या रविवारी सकाळी धक्क्यावरून बोटीत उतरताना टर्नरचा पाय पावाच्या करंडीत पडला. बेकरीवाला ओरडला, "अरे, खायचे आहेत ते, तुडवायचे नाहीत!" सगळे हसले. टर्नरही हसला, पण त्याने हाताने चाचपून बसायची फळी शोधली, हे मी पाहिलं. पाहिलं आणि मनात ठेवलं.

दोन तास आत गेलो. समुद्र बरा होता. टर्नरने घरूनच एक लाकडी मासा दोरीला बांधून आणला होता. आमच्या दोरीच्या टोकाला वाव-दीड वाव, म्हणजे पसरलेल्या हातांएवढं, जाड नायलॉनचं तंगूस असतं, आणि तंगुसाला लाकडी मासा. ही शेवटची गाठ ज्याची त्याने बांधायची, हा आमचा रिवाज. दात घासायचा ब्रश आणि गाठ उसनी घेत नाहीत, असं डॉक्टरच म्हणायचे. तिसऱ्याच फेकीला कुठल्यातरी दातेरी माशाने टर्नरचं तंगूस सपकन कापलं. लाकडी मासाही गेला, घरी बांधलेली गाठही गेली.

टर्नर पाठ करून बसला. मी शेजारी होतो. त्याने डब्यातून दुसरा मासा काढला आणि कडीत तंगूस घालायला लागला. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्याने कडी जिभेने शोधली, तरी टोक बाहेरच. मग मान न वळवता हळूच म्हणाला,

"मीटर, बांधून दे."

"चष्मा कुठाय तुझा?"

"चष्म्याने भागण्यासारखं नाही. बांध. आणि हळू बोल."

मी मासा हातात घेतला आणि त्याच वेळी बेकरीवाला किंचाळला, "पक्षी!" शंभर हातांवर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा पाण्यावर तुटून पडत होता. खाली बारकी मासळी उसळत होती, म्हणजे तिच्या खाली मोठे मासे. डॉक्टरांनी बोट वळवली. माझा रॉड तयार होता. पहिला फेकेल त्याला पहिली संधी.

ती गाठ कशी बांधायची ते मला झोपेतही येतं. पाच वेढे द्यायचे, थुंकी लावून ओली करायची, सावकाश आवळायची, मग पकडीत धरून सगळा जोर लावून ओढून बघायची. कोरडी आवळली तर तंगूस तापतं आणि वेढे नीट बसत नाहीत. मी तीन वेढे दिले. थुंकी लावली नाही. हाताने एक हिसका दिला, उरलेलं टोक दाताने तोडलं आणि म्हणालो, "झालं." अर्धं मिनिटही लागलं नसेल. तो "नीट ना?" म्हणाला, तेव्हा मी उभा राहून फेकतही होतो.

माझ्या माशाला कोणी हुंगलंसुद्धा नाही. टर्नरने उठून, पाय रोवून, पक्ष्यांच्या आवाजाच्या दिशेने फेकलं. दोन हिसके दिले असतील, तोच पाणी फुटलं आणि त्याच्या रिळाने असा सूर काढला की डॉक्टरांनी बोटीचं इंजिनच बंद केलं.

पंचवीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं. टर्नरचा शर्ट अंगाला चिकटला होता, गळ्याच्या शिरा दिसत होत्या, पण हात एकदाही चुकला नाही. मासा ओढेल तेव्हा जाऊ द्यायचं, थकेल तेव्हा दोन वेढे गोळा करायचे. सगळं हाताच्या अंदाजाने. त्या पंचवीस मिनिटांत त्याला डोळ्यांची गरज नव्हती. बेकरीवाला बाटलीने त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होता. मग खाली मासा दिसला. कुपा होता, पिठाच्या गोणीएवढा, आडवा होऊन गोल फिरत होता. आमच्या बोटीवर एवढा कधी आला नव्हता.

"केवढा आहे रे?" टर्नरने विचारलं.

"अरे, दिसत नाही का? समोर तर आहे!" बेकरीवाला म्हणाला.

"दिसतोय, दिसतोय. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

डॉक्टर मासा वर ओढायचा आकडा घेऊन वाकले. टर्नरने शेवटची ओढ दिली आणि रॉड एकदम सरळ झाला. तो मागे आपटला. कुपा क्षणभर तसाच राहिला, मग शेपटी हलवून खाली गेला.

टर्नरने बसल्या बसल्या दोरी गोळा केली. तंगुसाचं टोक वर आलं. हे टोक खोटं बोलत नाही. तंगूस तुटलं तर टोक सरळ येतं, कापलं गेलं तर खरबरीत येतं. गाठ सुटली असेल तर ते कुरळं येतं, डुकराच्या शेपटीसारखं. डॉक्टरांनी ते चिमटीत धरून उजेडात बघितलं, दातांचा एक्स-रे बघतात तसं.

"तुटलं नाही. गाठ सुटली," ते म्हणाले. "टर्नर, गाठ सुटली तुझी."

टर्नर खाली बसलेला. त्याने टोकावरून अंगठा फिरवला. कुरळेपणा त्यालाही कळला असणार.

"तूच बांधलीस ना?" डॉक्टरांनी विचारलं.

त्याने वेळ घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, भलतीकडेच तोंड होतं त्याचं.

"हो," तो म्हणाला. "मीच."

मी मूग गिळून बसलो. स्वतःला समजावलंही: मी बांधली असं सांगितलं तर त्याने का नाही बांधली हा प्रश्न येणार, त्याचे डोळे उघडे पडणार, म्हणजे मी गप्प आहे तो त्याच्यासाठीच. पण खरं तेही सांगतो. रॉड सरळ झाला तेव्हा मला वाईट वाटलं आणि त्याच्या आत कुठेतरी बरंही वाटलं. तो कुपा आत आला असता तर पुढची वीस वर्षं त्याचीच गोष्ट चालली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि चोर शेजारी बसून बघत होता.

"हे बघ," डॉक्टर म्हणाले, आवाज अगदी गोड, इंजेक्शनच्या आधी असतो तसा, "सकाळी पाय करंडीत. आता ही गाठ. समोरचा मासा तुला विचारावा लागतो. वय कोणाला चुकलंय? काही महिने आराम कर. मग बघू."

"बघू" म्हणजे काय, हे हेडमास्तरांना विचारा.

टर्नरने वाद घातला नाही. रॉड पुसून पिशवीत घातला, गळ एकेक करून डब्यात लावले. परतीच्या वाटेवर बेकरीवाल्याने त्याला उकडलेलं अंडं सोलून दिलं आणि पाठीवर हात ठेवला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. धक्क्यावर उतरल्यावर टर्नर वळून म्हणाला, "थँक्यू डॉक्टर," आणि पिशवी खांद्याला लावून भिंतीच्या कडेकडेने निघून गेला. मी त्याच्यासोबत जायला हवं होतं. मी बोट धुवायला थांबलो.

पाच दिवसांनी त्याच्या गल्लीतले मीटर वाचायचे होते. न जाऊन चालणार नव्हतं. वहिनींनी दार उघडलं. "बरं झालं आलात भावजी, बोलतच नाहीत हे," म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. तो मागच्या खोलीत लेथशेजारी स्टुलावर होता. लेथ बंद होतं. टबात कपडे भिजत होते.

"मी सांगतो त्यांना," मी उभ्या उभ्याच म्हणालो. "गाठ माझी होती म्हणून."

"मग मला का बांधता आली नाही, हे कोण सांगेल?"

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलोय," तो म्हणाला. "मधोमध डाग पडलाय, दोन्ही डोळ्यांत. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसून जातं. कडेचं मात्र दिसतं, चांगलं दिसतं. आता तू सांगायला गेलास तर मी चुकलो नव्हतो, आंधळा होतो, एवढंच होईल. राहू दे. चुकलेला बरा."

"मग त्या दिवशी तरी मी काय करणार होतो?" माझा आवाज चढला. "काहीही बोललो असतो तरी तू उघडा पडला असतास!"

"एक खोटं पुरलं असतं," टर्नर म्हणाला. "'मीच हट्टाने बांधली, नवीन गाठ शिकलो होतो, ती दाखवायची होती.' डॉक्टरांनी तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. मी आणखी काही महिने आलो असतो. फार नाही, काही महिने."

"मला सुचलं नाही रे."

"सुचलं होतं. मी भलतीकडे तोंड केलं होतं ते तू मला नीट दिसावास म्हणूनच. तू तोंड उघडलंस. मी वाट बघितली. मग तू बाटली उचललीस आणि पाणी प्यायलास."

हे मी वर लिहिलं नाही. टाळलं. तो म्हणाला ते अक्षरशः खरं होतं: तेच वाक्य, तीच नवीन गाठ, तोच हट्ट, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. आणि ते पाण्याबरोबर खाली गेलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. साखर कमी झाली का, असं त्यांनी विचारलं. मी बरोबर आहे म्हणालो, सगळा चहा प्यायलो, त्यांच्या मीटरचा आकडा लिहून घेतला आणि पुढच्या घरी गेलो.

बोट अजून पहिल्या रविवारी निघते. टर्नरच्या जागी डॉक्टरांचा मेहुणा येतो. त्याने एकदा विचारलं, तो लाकडाचे मासे करणारा का येत नाही हो आता? बेकरीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी लगेच म्हणालो, "त्याची नजर आहे अजून घारीसारखी, पण त्यालाच आता हौस राहिली नाही."

हे खोटं मला चटकन जमलं.