सावकाश होऊ द्या

शनिवार-रविवार सगळं कुटुंब एका रिसॉर्टवर जमलं होतं. दुपारी सगळे ताटं वाढून घेऊन बसले आणि कुणीच जेवायला सुरुवात करेना. वेटर गोंधळला. "काही कमी आहे का?" त्याने विचारलं.

कमी होते ते अण्णाकाका. एरवी ते पंगतीवरून नजर फिरवत आणि "सावकाश होऊ द्या" म्हणत. मगच पहिला घास तोंडात जाई. ते गेले हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हात थांबलेच.

ते वाक्य खरं तर यजमानाचं. इथे ज्याचं ताट त्याने वाढून घ्यायचं, म्हणजे सगळेच पाहुणे. मग म्हणायचं कुणी? मी खिडकीतून स्विमिंग पूलकडे बघत राहिले. पाण्यावर एक रिकामी ट्यूब संथ फिरत होती.

"आजी, पनीर गार होतंय," काकूंची नात म्हणाली.

अण्णाकाका असताना काकू कायम सगळ्यांना वाढून झाल्यावर, शेवटच्या पंगतीला बसल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि ताटाकडे बघतच म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

आवाज आमच्या टेबलापुरताच होता. तरी पार टोकाच्या टेबलावरही चमचे वाजू लागले.