भरली गाडी उताराला

मुकुंदवाडीत आमची पिठाची गिरणी आहे. गिरणी मी चालवते आणि फेरी माझे यजमान करतात. संध्याकाळी घरोघरी जाऊन धान्याचे डबे गोळा करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डब्यांतून पीठ पोचवायचं, याला आम्ही फेरी म्हणतो. गेली अकरा वर्षं ही फेरी एका तीनचाकी सायकलवर चालली. पुढे सायकल, मागे दोन चाकांवर फळ्यांचा हौदा, हौद्यात डबे.

यंदा दिवाळीनंतर तिचा मागचा कणा तिसऱ्यांदा तुटला. वेल्डिंगवाल्याने वाकून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाला, “ताई, आता वेल्डिंग मारायला हिच्यात लोखंड तरी शिल्लक पाहिजे ना.”

म्हणजे नवी गाडी घ्यायची. कोणती, हा प्रश्न.

मला याद्या करायची सवय आहे. गिरणीतल्या कॅलेंडरचं महिन्याचं पान फाटलं की त्याची मागची बाजू माझी. कोणाचा डबा, कोणतं धान्य, बारीक की रवाळ, सगळं तिथे असतं. तशीच यादी मी गाड्यांची केली. डावीकडे पायडलची, उजवीकडे बॅटरीची. पायडलची मी औरंगपुऱ्यात पाहून आले होते. हिरवा रंग, जाड चाकं, आणि दुकानदार सांगत होता की हिला काही होत नाही. बॅटरीची शेंद्र्याच्या रस्त्यावरच्या एका नव्या शोरूममध्ये होती. तीसुद्धा तीनचाकीच, पण मूठ पिळली की चालते.

रात्री जेवताना मी यादी वाचायला घेतली.

“हं, वाचा साहेब,” यजमान म्हणाले. मी हातात कागद घेतला की मी साहेब होते.

“पायडलची बिघडली तर लगेच दुरुस्त होते.”

“व्हय. चौकातला पंक्चरवाला भाकरी खाता खाता नीट करतो. बॅटरीची बिघडली तर?”

“कंपनीचा माणूस येतो.”

“कवा?”

“फोन केल्यावर.”

“त्यो फोन उचलंल तवा.”

“बॅटरीची वेळ वाचवते.”

“वाचवून काय करू? गिरणीत येऊन तुझं तोंड बघत बसू?”

अशी यादी पुढे सरकत नाही. पण खरी गोष्ट मी यादीत लिहिलीच नव्हती. त्यांचा उजवा गुडघा. वर्षभरापासून मी बघत होते. गाडी सुरू करताना ते इकडेतिकडे बघायचे, कोणी नाही अशी खात्री करायचे आणि तळहाताने गुडघा दाबून पहिलं पायडल खाली ढकलायचे. मी गिरणीच्या जाळीतून बघते हे त्यांना माहीत नव्हतं. “गुडघा” हा शब्द एकदा मी डाव्या रकान्यात लिहिला आणि लगेच खोडला. त्यांनी वाचला असता तर त्या दिवशी मुद्दाम दुप्पट डबे लादून निघाले असते.

फेरी त्यांच्यासाठी काय आहे हे मला माहीत आहे. फेरीच्या आधी ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात होते. एका मशीनसमोर उभं राहून नोकरी केली, मग एक दिवस ठेका संपला असं सांगून घरी पाठवलं. त्यानंतरचे काही महिने ते गिरणीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसून असायचे. काही विचारलं तर मान हलवायचे. गिरणीच्या आवाजात न बोलणारा माणूस कोणाला खटकत नाही, पण मला खटकायचा. मग मी त्यांना एका म्हाताऱ्या बाईचा डबा पोचवायला सांगितलं. पोचवून आले ते तासाभराने, आणि त्या बाईच्या जावयाची सगळी हकीकत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दोन डबे नेले. फेरी अशी सुरू झाली. आता कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणाचा नळ गळतो, कोणाकडे पाहुणे आहेत म्हणून पीठ जास्त लागणार, सगळं त्यांच्या तोंडून मला कळतं. फेरी सुटली तर हा माणूस पुन्हा त्या पोत्यावर जाऊन बसेल, याची मला भीती होती. गाडीची निवड मला त्या भीतीने करायची होती.

ते मात्र एकदाच मनातलं बोलले. हात धुताना, पाठमोरे.

“मोटर असली की कुणीबी चालवंल. मग तू पाठव कुणालाबी.”

मी ते हसण्यावारी नेलं. मला वाटलं, बॅटरीच्या गाडीला नाही म्हणायला नवं काहीतरी काढलंय.

शोरूमवाल्याने बॅटरीची गाडी दोन दिवस वापरून बघायला दिली. त्याच दोन दिवसांत मी हाडांच्या डॉक्टरकडे त्यांचा नंबर लावला होता. नाही नाही म्हणत ते तयार झाले.

“मी दवाखान्यात जातो. फेरीचं काय?”

“मी जाते.”

“तू?”

“यादी माझीच आहे ना?”

ते मिशीत हसले. “व्हय. यादी तुझीच हाय.”

माझ्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती. एकादशीच्या आदल्या दिवशी गिरणीचं वेळापत्रक वेगळं असतं. पहाटे गिरणी झाडून, पुसून घ्यायची, आणि सगळ्यांच्या आधी उपासाचं दळण काढायचं. भगर, राजगिरा. त्यानंतर गहू, मग ज्वारी, हरभऱ्याची डाळ सर्वांत शेवटी. उपासाच्या डब्याच्या झाकणावर स्वच्छ फडकं बांधायचं, म्हणजे ओळखू येतो. हे सगळं मी घड्याळ लावून केलं. यादीप्रमाणे डबे हौद्यात रचले, ज्यांचा नंबर शेवटी ते तळाला आणि आत, ज्यांचा आधी ते वर आणि कडेला. गाडीला चार्जिंग लावलं होतं, पण गिरणी सुरू केली की मीटरचं बटण पडायचं, म्हणून अर्धंच झालं होतं. मी मनात म्हटलं, फेरी तरी कितीशी आहे.

निघाले. खरं सांगते, मजा आली. पाय हलवायचे नाहीत, घाम नाही. पहिल्या वळणावरच उजवीकडे वरच्या गल्लीचा चढ लागतो. आमच्या यादीत वरची गल्ली सर्वांत शेवटी. ही गोष्ट मला अकरा वर्षं सलत होती. गल्ली गिरणीपासून सगळ्यात जवळ, आणि हे तिच्या तोंडावरून पुढे जाणार, खालच्या सगळ्या कॉलन्या फिरणार आणि शेवटी परत इथे येणार. मी किती वेळा विचारलं, जवळची आधी का उरकत नाही? प्रत्येक वेळी एकच उत्तर. “शेवटालाच बरी.” मी त्याला हट्ट समजत होते, आणि यादी त्यांच्या हट्टाप्रमाणे लिहीत होते.

त्या दिवशी मूठ माझ्या हातात होती. मी उजवीकडे वळले.

गाडी चढली. अर्ध्यापर्यंत चढली. मग हळू झाली, मग टूंटूं असा आवाज करायला लागली, मग थांबली. समोर बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या दिव्यांतला एक सोडून सगळे विझले होते. मी ब्रेक दाबून धरला. मागे सगळ्या फेरीचं पीठ.

मी खाली उतरून चाकामागे दगड लावला आणि ठरवलं, थांबलोच आहोत तर वरच्या गल्लीचे डबे हातानेच पोचवू. पण ते डबे तळाला होते, सगळ्यांच्या खाली, मीच रचलेले. वरचे काढून रस्त्यावर ठेवायला लागले. जागा कमी, उतार जास्त, डबे घसरायला लागले. घाईत मी एक डबा दुसऱ्यावर ठेवला. झाकण सैल होतं. पिवळं पीठ खालच्या डब्यावर सांडलं. खाली फडकं बांधलेला डबा होता.

नेमका तो ज्यांचा होता त्या आजी आपल्या दारातून सगळं बघत होत्या. काठी टेकत आल्या.

“बाई, डाळीचं पीठ गं हे.”

“फडक्यावर पडलंय आजी, आत गेलं नाही.”

“गेलं असंल तर तुला दिसंल, मला दिसंल?” त्या डब्याकडे बघत राहिल्या. “उद्या मी काय खाऊ मग? फळं दातांनी चावत नाहीत.”

मी यजमानांना फोन केला.

ते शेजारच्या रिक्षावाल्याला घेऊन आले. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. रिक्षावाल्याने रिक्षा उभी करायच्या आधीच मान बाहेर काढली.

“क्या भाभी, दुकान इधरच लगा लिया?”

“गप रे,” यजमान म्हणाले. पण त्यांचा चेहरा हसू दाबल्यासारखा झाला होता. त्यांनी रस्त्यावरचे डबे बघितले, गाडी बघितली, मला बघितलं. रागावले नाहीत. आधी आजींकडे गेले.

“आजी, ही भगर राहू द्या. नवी घेऊन, गिरणी पुन्हा पुसून, दुपारपातूर दळून आणतो. मी सोता.”

“तू आणणार असशील तर ठीक,” आजी म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

मग ते माझ्याकडे वळले. “भरली गाडी उताराला आणि रिकामी चढाला. एवढंच हाय बघ.”

“म्हणजे?”

“म्हंजे खालच्या कॉलनीला जाताना उतार हाय. सगळं वझं घेऊन खाली जायचं. तिथं निम्मे डबे संपतात. मग सपाट. आन् शेवटाला चारपाच डबे उरले की हा चढ चढायचा. संध्याकाळी उलटं. वरून सुरू करायचं, धान्य भरलं की स्टेशनच्या बाजूनं लांबून सपाटीनं घरी यायचं.”

मी रस्त्यावर उभी राहून ऐकत होते. म्हणजे अकरा वर्षं मी जी यादी माझी म्हणून भिंतीला लावत होते, तिचा क्रम त्यांच्या पायांनी ठरवला होता. रोज संध्याकाळी येऊन ते म्हणायचे, “ह्यांचा डबा त्यांच्या आधी घे,” आणि मी खोडून वरखाली करायचे, कपाळाला आठ्या घालून.

“एवढं सांगायचं ना मग.”

“तू यादी करत व्हतीस. मधी कशाला बोलू?”

वरच्या गल्लीचे बाकीचे डबे आम्ही हातानेच पोचवले आणि उरलेले पुन्हा रचले. चढ असल्यामुळे गाडी उलटी वळवून नुसती सोडली तर खाली येणारच होती. ते पुढे बसले, मी हौद्याच्या कडेला डबे धरून बसले, एक्स-रेचं पाकीट मांडीवर. खालच्या कॉलनीत त्यांनी ती सगळी फेरी केली. यादी माझ्या पिशवीत होती, ती कोणी मागितली नाही. बॅटरी जपायची म्हणून सपाटीला मी उतरून मागून ढकलायचे, आणि ते म्हणायचे, “इथं थांब, ह्यांचा दरवाजा मागून हाय,” आणि खरंच मागून असायचा. एका घरापुढे ते थांबून ओरडले, “दळऽण!” तेव्हा आतून एक पोक्त बाई, ज्यांना ते आपा म्हणतात, लगबगीने बाहेर आल्या.

“हौ भाई, आज आवाजच नै आया गाडी का. मैं समझी आज आतेच नै तुम.”

“नवी गाडी हाय आपा. मुकी हाय.”

“तो तुम बोलो ना फिर. तुम्हारे मुँह को क्या हुआ?”

तेव्हा मला त्यांचं ते हात धुतानाचं वाक्य आठवलं. कुणीबी चालवंल. मी सकाळीच चालवून बघितली होती. पहिल्याच वळणावर फसले.

“ऐका,” मी मागून म्हटलं. “ही गाडी कुणीही चालवेल. फेरी कुणालाही जमणार नाही. मला जमली नाही.”

पुढच्या घरापाशी उतरताना ते दोन डबे एकदम उचलायला गेले, तेव्हा मी एक काढून घेतला.

घरी आलो. मी गिरणी बंद ठेवून गाडी चार्जिंगला लावली. त्यांनी स्वतः गिरणी पुसली, कोपऱ्यांतून ब्रशने, आणि चार्जिंग काढल्यावर आजींची नवी भगर दळली. दुपार कलल्यावर आम्ही निघालो. हौद्यात एकच डबा आणि मी. पहिलं वळण, उजवीकडे, चढ. त्यांनी मूठ पिळली. गाडी एका लयीत वर निघाली. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हँडलवरच होता. गुडघ्याकडे गेला नाही.

अर्धा चढ संपल्यावर, मागे न बघता, ते म्हणाले, “डॉक्टरनं पायडल बंद सांगितलंय.”

मी डबा घट्ट धरला.

“सकाळीच सांगितलं. तुझा फोन आला तवा मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसलो व्हतो. म्हणलं, आता घरी जाऊन हिला कसं सांगायचं.”

“आणि मी तिकडे डबे सांडत बसले होते.”

“बरं झालं सांडलंस. नायतर बसलो असतो तिथंच.” मग म्हणाले, “आन् फेरी बंद नाय म्हणला त्यो. मी दोनदा विचारलं. पायडल बंद म्हणला.”

आजी दारातच उभ्या होत्या. फडकं बांधलेला डबा त्यांनी दोन्ही हातांत घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि समाधानाने मान हलवली. मग काठीने गाडीच्या चाकाला हळूच टोचलं.

“नवी घेतलीस का रे?”

“घेतली,” यजमान म्हणाले.

मी अजून शोरूमवाल्याला फोनसुद्धा केला नव्हता.