पाळण्याच्या खांबावरची लाख

नातीच्या बारशासाठी पाळणा मीच रंगवणार, अशी घोषणा मी साऱ्या पाचोऱ्यात करून बसलो होतो. लेथवर फिरणाऱ्या खांबाला लाखेची लाल कांडी टेकवली की ती घर्षणाने वितळून लाकडावर चढते. चढली, पण गाठीगाठींनी! ती सारखी करायला केवड्याचं पान दाबतात. केवडा आणू कुठून? बारसं तर उद्याच होतं.

लाखेच्या जळक्या वासाने थोरली अक्का नाक दाबत आली. "पाळना करी ऱ्हायना का भरताचं वांगं भाजी ऱ्हायना रे, भाऊ?"

मग तिनेच शेतातून केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट आणलं. मी ते फिरत्या खांबावर दाबलं. लाख पसरली, आरशासारखी चमकली. जमलेल्या शेजाऱ्यांना मी लवून मुजरा केला.

"नौटंकी पुरे," अक्का म्हणाली, "तीन खांब बाकी शेतस!"